ग्लुकोज सेन्सर लावलाय? मग मी केलेल्या या चुका टाळा

मला टाइप वन डायबेटिस आहे, आठवीत असल्यापासून. वाढले सांखळीला, आता नोकरी पणजीत, आणि गेली चार वर्षं दंडावर सेन्सर, साखरेचा आकडा सतत फोनवर दाखवणारा. आधी दिवसातून सहा-सहा वेळा बोटाला टोचायचे, त्यामुळे पहिला सेन्सर लावला त्या दिवशी वाटलं, सुटले एकदाची. सुटले-बिटले काही नाही, फक्त चुका नवीन झाल्या. खाली लिहिलेल्या बहुतेक मी स्वतः केल्यात, काही तर दोन-दोनदा. डोस मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच बदला, मी ऑफिसात अकाउंट्स बघते, मला त्यातलं काय कळतंय.

साखर लो गेल्यावर आकड्याकडे बघत खात बसणं

शिगम्याची मिरवणूक बघायला फोंड्याला गेलो होतो. गर्दी, ढोल-ताशे, दोन तास उभं राहून चालून पाय गेलेले. फोनवर बघितलं तर ६४ आणि बाण सरळ खाली, म्हणजे साखर भरभर उतरतेय. ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून प्यायले, बरोबर केलं. पाच मिनिटांनी बघते तर ५८. घाबरले, वर गोड लिंबू सोडा घेतला. परत बघितलं, ५६. मग समोर खाजे विकायला बसलेली बाई दिसली, अर्धी पुडी तिथेच उभ्या उभ्या संपवली. घरी पोचेपर्यंत आकडा ३१२.

झालं काय तर सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. त्याची बारीक तार कातडीखालच्या पेशींभोवती जे पाणी असतं त्यात असते, आणि रक्तातली साखर तिथे पोचायला ५ ते १० मिनिटं लागतात, साखर भरभर वरखाली होत असेल तर त्याहून जास्त. म्हणजे मी ५६ बघत होते तेव्हा रक्तात बहुतेक साखर वर चढायला लागली होती आणि सेन्सर मला मागची बातमी सांगत होता. लो गेल्यावर १५ ग्रॅम साखर घ्यायची (तीन-चार चमचे पाण्यात, किंवा मेडिकलमधली ग्लुकोज पावडर), १५ मिनिटं थांबायचं आणि मग बोटाला टोचून बघायचं. अजून ७० च्या खाली असेल तरच परत. ती १५ मिनिटं थांबणं किती कठीण असतं ते ज्याचे हात कधी थरथरलेत त्यालाच माहीत, त्यामुळे मी आता फोन उलटा ठेवते आणि घड्याळ बघते. उलट प्रकार पण होतो, हातपाय थरथरतायत, घाम सुटलाय आणि सेन्सर ९५ दाखवतोय. तेव्हा अंगाचं ऐका आणि बोटाला टोचा, मीटर जवळ नसेल तर सरळ साखर खा.

ती रात्र तिथेच संपली नाही. ३१२ बघून राग आला, इन्सुलिन घेतलं, तासाभराने आकडा २९० वरच म्हणून अजून घेतलं. रॅपिड इन्सुलिनचा जोर तास-दीड तासाने येतो आणि अंगात ते चारेक तास काम करत राहतं, हे मला शाळेपासून पाठ आहे, पण सेन्सर दर मिनिटाला आकडा दाखवायला लागला की पाठ असलेलं सगळं विसरायला होतं. पहाटे तीनला ४८. आईने उठवून साखर पाजली. दोन इन्सुलिन एकमेकांवर चढली, बाकी काही नाही. दिवसाला सहाच आकडे दिसायचे तेव्हा ही चूक करायला वाव पण नव्हता.

रात्रीचा खोटा लो

हा सगळ्यांना भेटतो. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलात की तिथली कातडी दबते, आणि आकडा एकदम ५० वर येतो. अलार्म बोंबलतो, घरचे सगळे जागे. ओळखायची खूण म्हणजे ग्राफ हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडल्यासारखा पडतो, आणि कूस बदलली की थोड्या वेळात जसा होता तसा वर. आधी कूस बदला, टोचून बघा, मग काय ते खा. मी ज्या कुशीवर झोपते त्याच्या दुसऱ्या दंडावर लावते, तरी महिन्यातून एकदा होतंच.

आपल्या गोव्याची हवा

सेन्सर १४ दिवस चालतो म्हणून खोक्यावर लिहिलेलं असतं, ते लिहिणारा मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात फिरलेला नसणार. घाम आणि दमट हवा, सहाव्या दिवशी कडा सुटायला लागतात. लावायच्या आधी साबणाने धुवा, पुसा, स्पिरिट लावा आणि पूर्ण सुकू द्या, हे सुकू देणंच लोक विसरतात. त्या दिवशी दंडाला क्रीम नको, तेल तर नकोच. वरून गोल पट्टी मिळते ती पहिल्याच दिवशी लावा, कडा उठल्यावर लावून उपयोग नाही. समुद्रावर जायचं असेल तर आपला सेन्सर किती खोल आणि किती वेळ पाण्यात चालतो ते त्याच्या कागदावर बघा, आणि बाहेर आल्यावर टॉवेलने घासू नका, टिपा.

तेलावरून आठवलं. दिवाळीत नरकासुर बघून रात्रभर जागरण, पहाटे आईने अभ्यंगस्नानाला बसवलं आणि दोन दिवसांपूर्वीच लावलेल्या नव्या सेन्सरवर सणसणीत तेल चोळलं. सेन्सर कारिटाबरोबरच गेला म्हणायचा. आणि मग पुढ्यात फोव, म्हणजे पोहे! गुळाचे, दुधातले, ताकातले, बटाट्याचे, शेजारणीच्या घरचे वेगळे. त्या सकाळी सेन्सर नव्हता हे एका अर्थी बरंच झालं. पुढच्या वर्षीपासून दिवाळी झाल्यावर नवा लावते, आणि फोव वाटीने मोजून, इन्सुलिन घेतल्यावर १५ मिनिटांनी.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर पोय, आपला कोंड्याचा पाव. "पोय डायबेटिसला चालते गो" असं मला निदान पन्नास जणांनी सांगितलंय. कोंडा असतो हे खरं, पण माझ्या ग्राफवर पोय आणि साध्या पावात फारसा फरक दिसत नाही, कार्ब्स मोजावेच लागतात. शितकढीचं, म्हणजे भात आणि नारळाच्या कढीचं, उलटं, नारळामुळे भात सावकाश चढतो आणि तीन तासांनी, आपण निवांत झाल्यावर, वर जातो. सेन्सरचा खरा फायदा मला इथे झाला, तुमचा ग्राफ माझ्यासारखा असेलच असं नाही, तुम्ही तुमचा बघा.

'सेन्सर बिघडलाय' म्हणून गप्प बसणं

ही चूक सगळ्यात महागात पडू शकते म्हणून जरा सविस्तर. आकडा ३०० च्या वर, इन्सुलिन घेतलं तरी हलत नाही. मी ठरवलं सेन्सर खराब आहे. दुपार अशीच काढली. संध्याकाळी टोचलं तर मीटरवर ३४०. सेन्सर बरोबर होता, खराब झालं होतं इन्सुलिन, कारण पेन स्कूटरच्या डिकीत तीन दिवस फिरत होतं, एप्रिलच्या उन्हात. वापरात असलेलं पेन साधारण ३० डिग्रीच्या खाली ठेवायचं असतं, बंद डिकी उन्हात किती तापते ते हात लावून बघा. फ्रीजमध्ये पण फ्रीजरला चिकटून नको, एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकायचंच.

तर २५० च्या वर जाऊन उतरत नसेल तर क्रम असा: बोटाला टोचून खात्री, मग कीटोन्स (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारं आम्ल, तपासायच्या लघवीच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात), इन्सुलिन नवीन पेनमधून, डॉक्टरांना फोन. उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोरात चालणं यातलं काही असेल तर ग्राफ बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल. टाइप वनमध्ये हे काही तासांत बिघडतं.

आता बारीकसारीक. नवीन सेन्सरचा पहिला दिवस जरा वेडावाकडाच असतो, त्यावरून मोठे डोस घेऊ नका, मी तर जुना संपायच्या आदल्या रात्री नवा लावून ठेवते आणि सकाळी चालू करते, पण सगळ्या कंपन्यांच्या सेन्सरला हे जमत नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सर खोटा हाय दाखवतात, काहींना पॅरासिटामॉल चालत नाही, कागद वाचा, सर्दी-तापात हे नेमकं आड येतं. एमआरआयच्या आधी काही सेन्सर काढावे लागतात, ते पण कागदावर बघा. मीटर आणि सेन्सर कधीच तंतोतंत जुळणार नाहीत, १८० आणि १९५ वरून भांडत बसू नका. फोनचा बॅटरी सेव्हर सेन्सरचं अ‍ॅप बंद पाडतो, मग अलार्म येत नाही आणि आपण समजतो सगळं छान चाललंय. त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा. सेन्सर लवकर बंद पडला तर खोका फेकू नका, बदलून मागताना कंपनी सिरीयल नंबर विचारते.

आणि घरचे. माझा आकडा आईच्या फोनवर पण जातो. पहिले सहा महिने मी मीटिंगमध्ये आणि फोनवर आई, "अगो बाण खाली जातोय, काय खाल्लंस?" शेवटी बसून ठरवलं, तिचा अलार्म ६५ ला, आणि त्यावर १० मिनिटं मी काही कळवलं नाही तरच फोन. आता ती फोन करते तेव्हा पहिला प्रश्न "टोचून बघितलंस?" असतो. गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा पर्समधून मीटर काढलं आणि कळलं की स्ट्रिप्स मार्चमध्येच एक्सपायर झाल्यात, तेव्हा तुमच्या पण आत्ताच बघून घ्या.