मूल घोरतंय? आम्ही केलेल्या चुका टाळा

इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या घरी रात्री जुगलबंदी चालायची. एका खोलीत आजोबा, दुसऱ्या खोलीत चार वर्षांचा नातू. "आजोबांवर गेलाय, गाढ झोपतो," असं आम्ही कौतुकाने सांगायचो. पहिली चूक हीच. रोज घोरणारं मूल गाढ झोपलेलंच असेल असं नाही, ते श्वासासाठी झगडत असू शकतं. बहुतेकदा नाकामागची ॲडेनॉइड नावाची गाठ आणि घशातले टॉन्सिल्स वाढून वाट अडवतात. सर्दीपुरतं घोरणं वेगळं.

दुसरी चूक, डॉक्टरांना तोंडी सांगणं. दिवसा दवाखान्यात पोरगं उड्या मारतंय, "रात्री श्वास अडकतो" यावर कोण विश्वास ठेवणार? खोकल्याचं औषध घेऊन परत आलो. मग एका रात्री सदरा वर करून मोबाइल धरला. घोरणं थांबलं. पोट वर-खाली होतंय, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, पण आवाज नाही. मी आठ आकडे मोजले, मग तो हुंदका दिल्यासारखा दचकला आणि कुशीवर वळला. मोठ्यांत दहा सेकंदांचा खंड धरतात; मुलांत दोन श्वास चुकले तरी तो स्लीप ॲप्नियात (झोपेत श्वास थांबण्याच्या आजारात) मोजतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला.

दिवसाची लक्षणंही आम्ही घोरण्याशी जोडलीच नव्हती. असं मूल पेंगेलच असं नाही, उलट चळवळं, चिडकं होतं. शाळेतून तक्रार यायची, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं होतं, टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. आम्ही रागावायचो. आजी कानात कोमट तेल घालायची (तेही करू नका). प्रत्यक्षात ॲडेनॉइडमुळे कानाची नळी दबून पडद्यामागे पाणी साचलं होतं.

नाकाच्या औषधांत गल्लत नको. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांवर गेले, की नाक उलट जास्त चोंदतं. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे वेगळा. त्याला काही आठवडे लागतात. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने. आम्ही उलटं मारत होतो म्हणून रक्त यायचं.

शेवटी ॲडेनॉइड आणि टॉन्सिल्स काढायचं ऑपरेशन झालं. घशात पांढऱ्या खपल्या दिसल्या तेव्हा पू समजून घाबरलो, त्या येतातच. दुखतंय म्हणून पाणी बंद करू देऊ नका, घोट-घोट पाजत राहा. खपल्या साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी सुटतात, तेव्हा रक्तस्रावाचा धोका असतो. ताजं लाल रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा. काही महिन्यांनी पुन्हा घोरायला लागलं, तर परत दाखवा.

आणि हो, कुरकुरीत काही नको. सहाव्या दिवशी पोह्यांवर शेव हवी म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं. शेवेचा डबा कपाटात गेला, आणि दोन आठवडे आजोबांनीही बिनशेवेचे पोहे खाल्ले, रोज तक्रार करत.