गाळाच्या थरात उल्काघाताचा पुरावा कसा तपासावा

चुंबकाला चिकटणारे चकचकीत गोल कण दिसले की उल्काघाताची घोषणा करायची, ही सवय आधी सोडा. असे कण कोळशाच्या राखेत असतात, वेल्डिंगमधून उडतात, ज्वालामुखीतून येतात आणि अवकाशातली धूळ तर पृथ्वीवर सतत पडतच असते. इरिडियम हा धातू भूकवचात दुर्मिळ, उल्कांत मात्र जास्त; त्याचा थरातला वाढलेला आकडा पुरावा म्हणून जास्त वजनदार खरा. इटलीतल्या गुब्बिओच्या थरातल्या याच आकड्यावरून अल्वारेझ पितापुत्रांनी १९८० मध्ये डायनोसॉरच्या अंताशी उल्काघाताचा संबंध जोडला. पण गाळ साचण्याचा वेग मंदावला, तरी अवकाशधूळ दाटून इरिडियम वाढते. गाळातला सर्वांत खात्रीचा साक्षीदार म्हणजे आघाताचा धक्का बसलेला क्वार्ट्झ, म्हणजे वाळूत नेहमी सापडणारे गारेचे खनिज.

थर उघडे पडलेला उभा काप साफ करून नमुने खालून वर घ्या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. दर १-२ सेंटीमीटरला सलग घ्या, संशयित थराच्या बरेच वर आणि खालीही. प्लॅटिनमची अंगठी हातात नको, तिच्यात इरिडियम असू शकते. पिशव्यांवर सांकेतिक क्रमांक टाका. कण मोजणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे कळता कामा नये. ही अट सोडली, तर पुढची सगळी मोजणी संशयास्पद ठरते.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढा, ६३ ते २५० मायक्रोमीटरचे कण चाळून घ्या, जड द्रवात जड खनिजे बाजूला करा, उरलेले कण इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवून ३० मायक्रोमीटर जाडीचा पातळ काप करा.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली लागते. क्वार्ट्झमध्ये समांतर रेषा अनेक कारणांनी दिसतात आणि बहुतेक चुका इथेच होतात. धक्क्याने तयार झालेली प्रतले (कणाच्या आतले सपाट पातळ पापुद्रे, कापात ते रेषांसारखे दिसतात) सरळ, अखंड आणि अगदी बारीक असतात: जाडी २ मायक्रोमीटरच्या आत, दोन प्रतलांतले अंतर साधारण २ ते १० मायक्रोमीटर. एकाच कणात वेगवेगळ्या दिशांचे दोन-तीन संच सापडतात. डोंगर घडताना दाबल्या गेलेल्या क्वार्ट्झमधल्या रेषा जाड, किंचित वाकलेल्या, तुटक असतात आणि बहुधा एकाच दिशेच्या. पॉलिशचे ओरखडे तर हमखास फसवतात. फोकस हळूहळू खाली न्या: ओरखडा पृष्ठभागापाशीच संपतो आणि कणाबाहेर इपॉक्सीतही जातो, प्रतल कणाच्या आत खोलवर दिसत राहते.

तरीही नजरेवर विसंबू नका. फोटोत रेषा छान दिसतात एवढ्यावर निष्कर्ष मांडणे चूकच. काप युनिव्हर्सल स्टेजवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काप हव्या त्या दिशेला तिरपा करता येणाऱ्या मंचावर, चढवून प्रत्येक संचाच्या लंबाचा क्वार्ट्झच्या सी-अक्षाशी (स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी) होणारा कोन मोजा. कण तिरपा केल्याशिवाय कित्येक संच दिसतच नाहीत, त्यामुळे सपाट स्टेजवरची मोजणी अपुरी राहते. धक्क्याची प्रतले ठरावीक स्फटिक-दिशांनाच तयार होतात, म्हणून कोन ०, २३ आणि ३२ अंशांजवळ ठळकपणे गोळा होतात. भूकवचातल्या साध्या दाबाच्या रेषा बऱ्याचदा १० ते ३० अंशांत पसरतात. २३ अंश या पट्ट्यातच येतो, तेव्हा एखाद्या कणातला २३ अंशांचा कोन काहीच सिद्ध करत नाही. बऱ्याच कणांतले कोन मोजून आलेख काढा आणि शिखरे टोकदार आहेत का ते पाहा.

शंका उरली तर हायड्रोफ्लुओरिक आम्लाने कण किंचित कोरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. धक्क्याने प्रतलांत तयार झालेली काच आधी विरघळते. हे आम्ल जीवघेणे आहे. धूरकक्ष, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, तर बाटली उघडू नका.

धक्का बसलेला क्वार्ट्झ टिकाऊ असतो. जुन्या आघाताचे कण झिजून, वाहून नव्या गाळात येऊ शकतात. म्हणून ते एकाच पातळ थरात एकवटले आहेत की वर-खाली विखुरले आहेत हे तपासा, आणि थराचे वय स्वतंत्रपणे ठरवा. अहवालात प्रत्येक नमुन्यातले तपासलेले कण आणि प्रतले सापडलेले कण, दोन्ही आकडे द्या. शून्य आले तर शून्यही लिहा.