अमर्याद प्रवाह संगणकावर सोडवताय? या चुका टाळा

नांदेडला पुलावरून गोदावरीकडे पाहिलं, की खांबामागे भोवरे सुटताना दिसतात. एक डावीकडून, एक उजवीकडून. आमच्याकडची मुलं प्रोजेक्टला याचंच सोपं रूप घेतात: गोल खांब, रेनॉल्ड्स अंक (प्रवाहात चिकटपणापुढे जडत्व किती भारी, त्याचं माप) 100, भोवती अमर्याद पाणी. संगणकावर मात्र कुठेतरी बांध (म्हणजे गणनाची हद्द) घालावाच लागतो, आणि बहुतेक घोळ त्या बांधावरच होतो.

एका विद्यार्थिनीचा ड्रॅग गुणांक (पाणी खांबाला किती जोराने ओढतं, त्याचं माप) 1.4 च्या वर जात होता. यायला हवा 1.33 ते 1.35. दोन दिवस ती कोड तपासत बसली. कोड बरोबरच होता. बाजूच्या हद्दी खांबाच्या मध्यापासून चारच व्यासांवर होत्या. म्हणजे 12.5 टक्के वाट खांबानेच अडवलेली, उरलेल्या जागेतून पाणी जोरात निघणारच. उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी हद्द दुप्पट करून पाहा. पण तेव्हा जाळीतल्या घरांची (गणनासाठी पाण्याचे पाडलेले छोटे तुकडे) संख्या तेवढीच ठेवू नका. खांबाजवळची जाळी विरळ होते आणि फरक हद्दीमुळे पडला की जाळीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

पाणी बाहेर पडतं त्या कडेवर वेग ठरवून देऊ नका, भोवरा तिथे अडखळतो. दाबाची अट दिली तरी भोवरा कड ओलांडताना थोडं पाणी उलटं आत येतं आणि गणन फुटतं. मुलं मग टाइम स्टेप (गणनातला वेळेचा टप्पा) कमी करत बसतात. त्याने सहसा भागत नाही. कड लांब न्या किंवा आत येणाऱ्या पाण्यासाठी वेगळी अट लावा.

पाण्याऐवजी ध्वनिलहरी सोडवत असाल तर हद्दीवरून त्या परत फिरतात; आपल्याकडची बारव आठवा. खडा टाकला की वलयं भिंतीवर आपटून परत येतात. एंगक्विस्ट आणि मायडा या गणितज्ञांनी 1977 मध्ये मांडलेल्या, लहर शोषणाऱ्या हद्दीच्या अटींपैकी सर्वांत साधी अट फक्त सरळ आदळणारी लहर पूर्ण शोषते, तिरकी नाही. म्हणून कडेला शोषक पट्टा ठेवतात. त्याचं शोषण कडेकडे हळूहळू वाढवा. एकदम सुरू केला तर तोच भिंत होतो.

आणि एक कोडं. पुन्हा खांबाकडे: अतिसंथ प्रवाह म्हणून समीकरणातून जडत्वाचं पद काढून टाकलं, तर द्विमितीत हद्द कितीही वाढवा, ड्रॅग घसरतच राहतो. इथे कोडला दोष देऊ नका. स्टोक्स यांनी 1851 मध्येच दाखवलं होतं, की अमर्याद द्रवात लांब दंडगोलासाठी या समीकरणांना उत्तरच नाही. ओसेन यांनी 1910 मध्ये केलेली, जडत्वाचा काही भाग परत घेणारी दुरुस्ती वापरा.