दांडपट्ट्याचा फोटो काढायचाय? आधी जरा मागे सरका

पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नाहीतर शिवजयंतीला आपल्या एरियात मर्दानी खेळ लागले की सगळ्यांचे मोबाईल बाहेर, आणि घरी येऊन बघावं तर निम्म्या फोटोंत पुढच्या काकांचं डोकं आणि उरलेल्यांत लाठीच्या जागी नुसता धूर. माझंही तेच व्हायचं, म्हणून चुकत चुकत जे कळलं ते लिहितोय.

पहिली पाच मिनिटं फोटो काढूच नका. खरंच, नुसतं बघा. आधी शस्त्रांना नमस्कार, मग पवित्रा, मग लाठी, आणि पट्टा (म्हणजे दांडपट्टा, लोखंडी मुठीची लांब तलवार) नि लिंबू कापणं बहुतेक वेळा शेवटी. पहिल्या वर्षी मी लाठीवरच धडाधड बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) मारून कार्ड भरलं आणि पट्टा बाहेर आला तेव्हा गर्दीत उभा राहून डिलीट करत बसलो होतो. बघत राहिलात की कान पण कामाला लागतो, हलगी नाहीतर ताशा चढायला लागला की समजायचं आता काहीतरी होणार, बोट शटरवर ठेवा.

पट्ट्याची एक गंमत आहे. हात कोपरापर्यंत लोखंडी मुठीत असतो त्यामुळे मनगट वळतच नाही, सगळं फिरवणं खांद्यातून, म्हणून पात्याकडे बघत बसू नका, खांदा कुठे वळतोय ते बघा, पातं त्याच्या मागोमाग येतं. आणि ते पातं लांब नि लवचिक असतं, त्यामुळे रिंगणाच्या दोरीला चिकटून बसायचा मोह टाळा. दोन पावलं मागे आणि झूम. चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कोणी ओळखीचं असेल तर विचारा, वरून रिंगण अख्खं दिसतं आणि चहा पण मिळतो.

सेटिंग सोपं आहे. उन्हात शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून फास्ट, फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलणाऱ्या माणसामागे फोकस आपोआप जातो. पांढरे कपडे उन्हात फोटोत जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली आणा. पट्टा फिरतोय हे दाखवायचं असेल तर उलटं करा, शटर १/३० वर आणि कॅमेरा खेळाडूच्या चेहऱ्याबरोबर फिरवा. दहातले नऊ फोटो फुकट जातात पण दहावा भारी येतो.

लिंबू कापताना मात्र फ्लॅश अजिबात नको. खाली माणूस झोपलेला असतो, त्याच्या अंगावर लिंबू आणि वर धार, त्यात खेळणाऱ्याच्या डोळ्यावर लख्ख उजेड पाडायचा म्हणजे काय ते तुम्हीच समजा. फोकस आधीच लिंबावर लॉक करा, चेहऱ्यावर नको, हात वर गेला की बर्स्ट सुरू करा, खाली येईपर्यंत थांबलात तर लिंबाच्या दोन फोडीच मिळतील.

हॉलमध्ये कराटेचा डेमो असेल तर त्रास वेगळा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून काही एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फास्ट शटरला फोटोवर काळे पट्टे येतात. कॅमेऱ्यात अँटी फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर १/१०० वर या आणि काता म्हणजे ठरलेल्या मूव्ह ओळीने करतात, त्यात मध्ये मध्ये जो क्षणभर थांबा असतो, काही ठिकाणी किआय म्हणून जोरात ओरडतात ना, तेव्हाच क्लिक करा.

ट्रायपॉड घरीच ठेवा, लोकलमध्ये पण शिव्या आणि गर्दीत पण. गिरगावला चर्नी रोड सोयीचं, रविवार असेल तर मेगाब्लॉक आधी बघून निघा. वस्तादांना आधी भेटून विचारलं तर बहुतेक नाही म्हणत नाहीत. लहान मुलांचे फोटो टाकायचे तर आईवडिलांना विचारूनच. आणि नंतर चांगले दहाबारा फोटो वस्तादांच्या ग्रुपवर पाठवा, पुढच्या वर्षी "या, इथे बसा" म्हणून तेच जागा दाखवतात.