क्रेडिट कार्ड नसताना लडाखला जाताय? पैशांची सोय अशी करा

आमच्या घरात कुणाकडेच क्रेडिट कार्ड नाही. बाबांना उधारी पटत नाही आणि मला कधी गरज पडली नाही. लडाखचं ठरलं तेव्हा ऑफिसमध्ये दोघातिघांनी सांगितलं की कार्डाशिवाय जाऊ नका, अडकाल. आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी असे चौघं जाऊन नऊ दिवस राहून आलो. अडकलो एकदाच, तेही क्रेडिट कार्ड नव्हतं म्हणून नाही, पुढे सांगते.

पहिलं काम सिमचं. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये आणि जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. कितीतरी जणांना हे लेहला उतरून फोन चालू केल्यावर कळतं. आता याचा पैशांशी काय संबंध, तर सगळाच आहे, कारण ओटीपी येणार नाही, बँकेचा मेसेज येणार नाही आणि बाहेर पडलात की नेट नाही म्हणजे यूपीआय पण नाही. हॉटेलच्या वायफायवर माझं यूपीआय चाललं, पण ॲप त्याच फोनमध्ये आधीपासून रजिस्टर होतं म्हणून, नवीन रजिस्टर करायचं तर सिममधून एसएमएस जावा लागतो आणि तो तिथून जात नाही. म्हणून निघायच्या तोंडावर फोन बदलू नका, ॲप काढून परत टाकू नका. नवीन फोनवर पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाही ते वेगळंच. कुणी फोनवरून *९९# डायल करायला सुचवेल, इंटरनेट नसताना त्याने पैसे जातात हे खरंय आणि कोकणात घाटाखाली वगैरे उपयोगी पण आहे, पण त्याला सिमची स्वतःची रेंज लागते, त्यामुळे प्रीपेडवाल्याला लडाखमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

आम्ही बहिणीचा नंबर पोस्टपेड करून घेतला. घरातला एक तरी करा, पण बँक खात्याला जोडलेलाच करा, भलताच नको, आणि आठ-दहा दिवस आधी करा म्हणजे घरीच पाच-पन्नास रुपये पाठवून सगळं चालतंय ना ते बघता येतं. तिच्या फोनमध्ये यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोट्या रकमांचं पाकीट, पण चालू केलं. त्यात ५,००० पर्यंत ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता जातात आणि बँकेचा सर्व्हर झोपला तरी अडत नाही. नेट मात्र लागतंच.

आता रोख. पँगाँग तलावाकडे एटीएम नाही, रेंजचा भरवसा नाही, होमस्टेवाले आणि टॅक्सीवाले बऱ्याचदा रोखच मागतात. आम्ही हिशोब असा केला की लेहच्या बाहेर जेवढे दिवस तेवढ्या दिवसांचं राहणं, जेवण, टॅक्सी, त्यावर अजून एका दिवसाचे जास्त, कारण रस्ता बंद झाला तर एक मुक्काम वाढतोच. एवढे पैसे लेहमध्येच हातात हवेत. शंभर-पन्नासच्या नोटा घरूनच न्या, तिकडे सुट्ट्यांची बोंब असते. आणि सगळे एका बॅगेत नको, आम्ही तीन ठिकाणी ठेवले, आईच्या पर्समध्ये, बाबांच्या आतल्या खिशात आणि माझ्या कपड्यांच्या बॅगेत मोज्यांच्या जोडीत.

डेबिट कार्डं दोन ठेवा, दोन वेगळ्या बँकांची, कारण एकाच बँकेची दोन असतील तर सर्व्हर बंद पडला की दोन्ही गेली. घरी असतानाच ॲपमध्ये रोजची काढायची मर्यादा बघा. आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद करून टाका, कारण त्यात ५,००० पर्यंत पिन लागत नाही, कार्ड हरवलं तर कुणीही वापरेल.

आमची फजिती इथेच झाली. लेहच्या बाजारात रांग लावून १०,००० काढायला गेले, मशीन घरघरलं आणि नोटा आल्याच नाहीत. माझं सिम बंद, मेसेज नाही, त्यामुळे पैसे कापले गेलेत की नाही तेच कळेना. संध्याकाळी हॉटेलवर ॲप उघडलं तर कापलेले! पोटात गोळा आला अगदी. असं झालं तर घाबरू नका, स्लिप आली असेल तर जपून ठेवा, नाहीतर मशीनवरचा नंबर आणि वेळ यांचा फोटो काढा आणि ज्या बँकेत आपलं खातं आहे तिच्याकडे तक्रार करून नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आमचे पाचव्या दिवशी आले. तोवर बाबांचं दुसऱ्या बँकेचं कार्ड आणि घरून नेलेली रोख यावर निभावलं, नाहीतर नुब्रा खोऱ्यात जाणं रद्दच होतं.

विमानाची तिकिटं घरूनच यूपीआयने काढली, त्यात काही अडलं नाही. हॉटेलला थेट फोन करा, थोडा ॲडव्हान्स यूपीआयने पाठवा आणि बाकीचे तिथे देऊ असं लिहून घ्या. जिथे क्रेडिट कार्डावरच बुकिंग अडवून ठेवतात ते हॉटेल सोडून द्या, लेहमध्ये गेस्टहाऊस भरपूर आहेत.

थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, रात्री फोन आणि पॉवर बँक पांघरुणात घेऊन झोपा, सकाळी पैसे द्यायच्या वेळी फोन बंद नको. शेवटचं म्हणजे एका कागदावर दोन्ही बँकांचे कार्ड ब्लॉक करायचे नंबर, घरच्या दोघांचे नंबर आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० लिहा. त्याच्या दोन प्रती काढा आणि एक त्याच्याकडे द्या ज्याच्याकडे फोन नसतो. आमच्याकडे ती आईकडे होती, पर्समध्ये देवाच्या फोटोमागे.