वर्डप्रेसमध्ये पानाचं एसईओ टायटल बदलायचं कसं

पानाचं शीर्षक बदललं, अपडेटचं बटण दाबलं, तरी ब्राउझरच्या टॅबवर जुनंच नाव दिसतंय. असं होतं तेव्हा बहुतेक वेळा बदललेलं असतं एक शीर्षक आणि आपण पाहत असतो दुसरंच. वर्डप्रेसच्या एका पानाला चार नावं असतात. एडिटरमध्ये सगळ्यात वर लिहितो ते पानाचं शीर्षक; थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा संच, ते पानावर मोठ्या अक्षरांत छापते. दुसरं टायटल टॅग. ते एचटीएमएलच्या हेड भागात असतं आणि पानावर कुठेही दिसत नाही, पण ब्राउझरचा टॅब, बुकमार्क आणि बहुतेक वेळा गूगलचा निकाल तिथूनच नाव उचलतो. तिसरं ओजी टायटल, जे फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर दिसतं. चौथं स्लग, म्हणजे पानाच्या पत्त्याचा शेवटचा भाग.

योस्ट एसईओ किंवा रँक मॅथसारख्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयीत, ज्याला 'एसईओ टायटल' म्हणतात (एसईओ म्हणजे सर्चच्या निकालात पान नीट दिसावं यासाठीचं काम), ते यातलं दुसरं. इथे योस्ट धरून सांगितलं आहे. रँक मॅथमध्ये कुठे फरक पडतो तेही ओघात येईल. मेनूंची नावं इंग्रजी डॅशबोर्डप्रमाणे दिली आहेत.

एका पानाचं टायटल

१. पान किंवा पोस्ट एडिटरमध्ये उघडा. सध्याचं एसईओ टायटल कुठेतरी कॉपी करून ठेवा. मजकुराची जुनी आवृत्ती रिव्हिजनमधून परत मिळते. प्लगइनच्या रकान्यातल्या टायटलबद्दल तो भरवसा धरू नका.

२. मजकुराच्या खाली योस्टची चौकट असते. तिथे 'सर्च अपीअरन्स' उघडा. जुन्या आवृत्त्यांत याचं नाव 'गूगल प्रीव्ह्यू' आहे. चौकट दिसत नसेल तर उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या योस्टच्या चिन्हावर क्लिक करा, तोच भाग साइडबारमध्ये उघडतो. रँक मॅथमध्ये 'एडिट स्निपेट' हे बटण शोधा.

३. 'एसईओ टायटल'च्या रकान्यात आधीपासून काही रंगीत ठोकळे दिसतील: टायटल, पेज, सेपरेटर, साइट टायटल. हे व्हेरिएबल आहेत. पान उघडलं की त्यांच्या जागी खरा मजकूर येतो. फक्त 'टायटल' हा ठोकळा काढा आणि तिथे हवं ते नाव लिहा. बाकीचे राहू द्या.

४. पानाचं अपडेट किंवा सेव्ह बटण दाबा. योस्टच्या चौकटीला स्वतःचं सेव्ह बटण नसतं, त्यामुळे तिथे बदल करून टॅब बंद केला तर काहीच साठत नाही. नव्याने शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

'टायटल' ठोकळा ठेवायचा की हाताने लिहायचं, हा निर्णय विचार करून घ्या. ठोकळा असेल तर पानाचं शीर्षक बदलताच टायटल टॅगही आपोआप बदलतो. हाताने लिहिलं की ते नातं तुटतं. पुढे कोणी वरचं शीर्षक कितीही वेळा बदललं तरी टॅग तसाच राहतो. महत्त्वाची मोजकी पानं हाताने लिहा आणि बाकी सगळी साच्यावर, म्हणजे ठोकळ्यांच्या ठरलेल्या मांडणीवर, सोडा, हेच आमचं ठाम मत आहे. शेकडो पानांची टायटलं हाताने लिहिली तर ती अद्ययावत ठेवणं कोणालाच जमत नाही.

लांबी

योस्टची रंगीत पट्टी अक्षरं मोजत नाही, रुंदी मोजते. मर्यादा साधारण ६०० पिक्सेलची आहे. त्यापलीकडचं नाव डेस्कटॉपच्या निकालात सहसा तीन टिंबांनी कापलं जातं. देवनागरीसाठी ही गोष्ट कायम लक्षात असू द्या, कारण अक्षरसंख्येचे आकडे इथे फसवतात. 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाच्या हिशोबात क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक. त्यामुळे '६० अक्षरांच्या आत ठेवा' हा इंग्रजीसाठीचा नियम मराठी टायटलला लावू नका. पूर्वदृश्यात डेस्कटॉप आणि मोबाइल दोन्ही पाहा आणि पानाचा विषय सुरुवातीच्या चार-पाच शब्दांत आणा. 'सायकलचं पंक्चर कसं काढावं: साहित्य आणि कृती' हे कापलं गेलं तरी अर्थ पोचतो. 'घरच्या घरी सोप्या पद्धतीने करता येईल असं सायकलचं पंक्चर' यात मुद्दाच शेवटी आहे.

टायटलमध्ये साल हवं असेल तर हाताने लिहिण्याऐवजी 'करंट इयर' हे व्हेरिएबल वापरता येतं, पण पानावरची माहिती दरवर्षी खरोखर तपासली जात असेल तरच. नाहीतर ते वाचकाची फसवणूक करतं.

सगळ्या पानांचा साचा

योस्ट एसईओ → सेटिंग्ज → कंटेंट टाइप्स इथे पोस्ट आणि पेजेससाठी वेगवेगळे साचे असतात. मधलं चिन्ह, म्हणजे सेपरेटर, 'साइट बेसिक्स'मध्ये बदलतं. हे करायला सहसा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. रँक मॅथमध्ये हेच 'टायटल्स अँड मेटा'त मिळेल. साच्यातला 'पेज' हा ठोकळा निरुपयोगी वाटतो, कारण एरवी तो रिकामाच असतो. पण यादी अनेक पानांवर पसरली की पानाचा क्रमांक तोच दाखवतो. तो काढला तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पानाचं टायटल हुबेहूब सारखं होतं.

वर्गांचा (कॅटेगरींचा) साचा तर नक्की पाहा. योस्टच्या मूळ साच्यात वर्गाच्या नावापुढे 'आर्काइव्हज' हा इंग्रजी शब्द असतो. मराठी साइटवर तो विचित्र दिसतो. काढा किंवा त्या जागी 'लेख' लिहा.

मुखपृष्ठाचं टायटल कुठे बदलायचं हे वर्डप्रेसच्या सेटिंग्ज → रीडिंगवर ठरतं. तिथे ठरावीक पान निवडलेलं असेल तर त्या पानाच्या एडिटरमध्ये जा. ताज्या पोस्ट निवडलेल्या असतील तर योस्टच्या सेटिंग्जमधलं 'होमपेज' उघडा. चुकीच्या जागी बदल केला तर त्याचा परिणाम कुठेच दिसत नाही.

खात्री करणं

प्लगइनमधलं पूर्वदृश्य हा पुरावा नव्हे. इनकॉग्निटो विंडोत पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबून सोर्स, म्हणजे पानाचा एचटीएमएल कोड, पाहा आणि त्यात टायटल टॅग शोधा. तिथे नवं नाव असेल तर तुमचं काम झालं.

जुनं असेल तर पहिला संशय कॅशवर, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या प्रतीवर. डब्ल्यूपी सुपर कॅश, लाइटस्पीड कॅश किंवा जे काही असेल ते रिकामं करा. होस्टिंगचं आणि सीडीएनचं (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पानं पोचवणाऱ्या सेवेचं) कॅश वेगळं असतं, तेही रिकामं करा. झटपट तपासायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून पुढे काहीही एक अक्षर आणि अंक जोडा. अशा पत्त्याची साठवलेली प्रत बहुधा नसते, त्यामुळे पान नव्याने तयार होतं. नवं नाव इथे दिसलं आणि साध्या पत्त्यावर दिसलं नाही, तर दोष कॅशचाच.

सोर्समध्ये दोन टायटल टॅग सापडले तर थीमच्या हेडर फाइलमध्ये एक हाताने लिहिलेला असतो. वर्डप्रेस ४.१ पासून थीमने फक्त 'टायटल-टॅग'ला पाठिंबा जाहीर करायचा असतो, टॅग वर्डप्रेस स्वतः छापतं. जुन्या थीममधली ती ओळ चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली स्वतःची थीम) करून काढा आणि पाठिंबा जोडा. मूळ थीममध्ये बदल केला तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाईल. दोन एसईओ प्लगइन एकाच वेळी चालू असले तरी असाच गोंधळ होतो. एकच ठेवा. मात्र योस्ट बंद करून रँक मॅथ घेताना आधी रँक मॅथच्या आयात सोयीने टायटलं आणून घ्या. नाहीतर हाताने लिहिलेली सगळी टायटलं डेटाबेसमध्ये पडून राहतील आणि साइटवर साच्यातली दिसतील.

गूगल आणि लिंक शेअर करणं

सोर्स बरोबर असूनही गूगलमध्ये जुनं नाव असेल तर गूगलने पान पुन्हा वाचलेलं नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात यूआरएल इन्स्पेक्शनला पत्ता देऊन 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' करा. काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. विनंती पुन्हा पुन्हा पाठवून वेग वाढत नाही.

गूगल कधी कधी टायटल टॅग न घेता स्वतःच नाव ठरवतं. पानावरचं मोठं शीर्षक, ओजी टायटल किंवा त्या पानाकडे येणाऱ्या लिंकमधले शब्द ते वापरतं. टायटल फार लांब असणं, तेच शब्द परत परत कोंबणं, उलटून गेलेलं साल किंवा प्रत्येक पानावर एकच ठरावीक वाक्य, ही त्यामागची नेहमीची कारणं. टायटल टॅग आणि पानावरचं शीर्षक एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तर असं कमी घडतं.

फेसबुकवर जुनं नाव येत असेल तर योस्टच्या चौकटीतला सोशलचा भाग पाहा. तिथे वेगळं टायटल भरलेलं असेल तर तेच जातं. रिकामं असेल तर साधारणपणे एसईओ टायटल जातं. त्यानंतर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून 'स्क्रेप अगेन' दाबा.

स्लगला हात लावू नका

टायटल बदललं म्हणून प्रकाशित पानाचा स्लग बदलण्याची गरज नाही. पत्ता बदलला की बाहेरच्या जुन्या लिंक तुटण्याचा धोका असतो. बदलायचाच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळवणं) लावा. नव्या पानाला मात्र स्लग सुरुवातीलाच हाताने, छोटा आणि रोमन अक्षरांत द्या. वर्डप्रेस स्लग २०० चिन्हांत बसवतं, आणि देवनागरीचा प्रत्येक घटक साठवताना ९ चिन्हं घेतो. म्हणजे जेमतेम २२ घटक मावतात आणि लांब मराठी शीर्षकाचा स्लग शब्दाच्या मधेच कापला जातो.