अरबी घोड्यांची पैदास : घराण्याला महागात पडणाऱ्या या चुका टाळा

अरबी घोड्यांच्या पैदाशीला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते, शिंगराची हाडं पूर्ण भरायला पाच-सहा वर्षं जातात. आणि आपण जुळवलेली जोडी खरंच चांगली होती का, हे त्या शिंगराला पुढे शिंगरं झाल्यावरच नीट कळतं. म्हणून हे काम घराणी करतात. चुकाही त्याच वेगाने उघड होतात, बहुतेक वेळा पुढच्या पिढीसमोर.

तोंडावर भाळून नर निवडणे

बशीसारखा खोलगट चेहरा, मोठे डोळे, उंच धरलेली शेपटी या गोष्टी अरबी घोड्याला शोभतातच. पण हल्ली त्या खोलगटपणाचा अतिरेक झालेला दिसतो, आणि नाकाची वाटच अरुंद झाली तर पळणाऱ्या घोड्याने श्वास कुठून घ्यायचा? आधी पाय बघा, खूर बघा, पाठ बघा, स्वभाव बघा. आपल्या घोडीत जो दोष आहे तोच नरातही असेल, तर तो कितीही गाजलेला असला तरी सोडून द्या. अरबस्तानातले भटके बेदुइन लोक कुहैलान, सकलावी, हमदानी ही कुळं आईकडून मोजायचे. घोडीला असं महत्त्व देणं आजही शहाणपणाचंच आहे.

तपासणीशिवाय जोडी लावणे

माझ्या मते ही सगळ्यांत अक्षम्य चूक. अरबी रक्तात काही आनुवंशिक आजार आहेत. एससीआयडी (जन्मजात प्रतिकारशक्तीच नसणे) झालेलं शिंगरू जन्मताना अगदी धडधाकट दिसतं. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण ओसरलं की एकामागून एक संसर्ग सुरू होतात आणि ते साधारण पाच महिन्यांच्या आत दगावतं. सेरेबेलर अॅबायोट्रॉफी या मेंदूच्या आजारात काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोकं थरथरू लागतं, तोल जातो. लॅव्हेंडर फोल सिंड्रोममध्ये जन्मलेलं शिंगरू उभंच राहू शकत नाही.

हे तिन्ही आजार आई आणि बाप दोघेही वाहक (म्हणजे आजाराचं सदोष जनुक अंगात असलेले) असले तरच शिंगराला होतात. वाहक घोडा स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे नुसत्या नजरेने काही कळत नाही. दोन वाहकांची जोडी लावली, तर प्रत्येक वेळी २५ टक्के शक्यता आजारी शिंगराची. एससीआयडीची जनुकीय चाचणी १९९७ पासून उपलब्ध आहे. बाकीच्या दोन्हींच्याही चाचण्या आहेत आणि त्यासाठी मुळासकट उपटलेले काही केस पुरतात.

याच्या अगदी उलटी चूकही होते. अहवालात ‘वाहक’ आलं की घाबरून उत्तम घोडी पैदाशीतून काढून टाकायची! तिला वाहक नसलेला नर दिला, तर त्या आजाराचं शिंगरू होणारच नाही. तिच्या शिंगरांपैकी साधारण निम्मी वाहक निघतील, त्यांची पुन्हा चाचणी करा. मुळात मर्यादित असलेल्या रक्तातून चांगल्या घोड्या अशा घालवल्या, तर उरलेल्यांची आपापसांतली जवळीक वाढत जाते.

व्यायच्या रात्री गाफील राहणे

घोड्या बहुधा रात्रीच वितात. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली, तर डॉक्टरांची वाट बघायला वेळ नसतो; वार आधीच सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटत असतो. पिशवी लगेच फाडा, शिंगरू बाहेर काढा, फोन दुसऱ्याला करू द्या.

त्यानंतर हिशेब सोपा आहे. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत पिऊ लागलेलं, तीन तासांत वार पडलेली. वार अडकली तर ती ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. उशीर झाला तर घोडीचे खूर सुजून ती कायमची लंगडी होऊ शकते.

शिंगरू कासेखाली उभं आहे म्हणजे पितंय, असं समजू नका. त्याच्या कपाळावर दूध वाळलेलं असेल आणि कास गच्च भरलेली असेल, तर ते नुसतं खाली उभं राहतंय. सड तोंडात धरलेलाच नाही. चिकातली प्रतिकारद्रव्यं शिंगराच्या आतड्यातून पहिल्या काही तासांतच भरपूर शोषली जातात, २४ तासांनी ते दार बंद होतं. घोडीचा चीक व्यायच्या आधीच गळून जात असेल, तर दुसऱ्या घोडीचा साठवलेला चीक हाताशी ठेवा. एका दिवसाच्या आत रक्ततपासणी करून आयजीजी (रक्तातली प्रतिकारद्रव्यं) ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आहे ना, हे बघा. कमी असेल तर प्लाझ्मा (रक्तद्रव) देता येतो.

सगळं थोरल्यांच्या डोक्यात ठेवणे

कोणती घोडी माजावर उशिरा येते, कोणाची वार अडकते, कोणत्या नराची शिंगरं तापट निघतात, हे वहीत लिहा. फसलेल्या जोड्याही लिहा.

मालकीचंही तसंच. विल्फ्रिड आणि लेडी अॅन ब्लंट या दांपत्याने १८७८ मध्ये इंग्लंडात क्रॅबेट या पागेत अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. आज जगभरातल्या असंख्य अरबी घोड्यांत तिचं रक्त आहे. १९०६ मध्ये दोघं वेगळे झाले आणि घोड्यांची वाटणी झाली. १९१७ मध्ये लेडी अॅन गेल्यावर बाप आणि लेक जुडिथ घोड्यांसाठी कोर्टात उभे राहिले. १९२० मध्ये निकाल नातींच्या, म्हणजे जुडिथच्या मुलींच्या बाजूने लागला, पण मधल्या वर्षांत घोड्यांची परवड झालीच. कोणती घोडी कोणाच्या नावावर, नराचा निर्णय कोणाचा, हे वडीलधारी हयात असतानाच कागदावर आणा. पैदासपुस्तकात मालकी वेळेत बदलली नाही, तर पुढच्या शिंगराची नोंदणीही अडकून पडते.